दोन पळ्या धडाडी

उरणजवळच्या करंजा बंदरावरच्या काशिराम कोळ्यांची तब्येत आता उत्तम आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण आमच्या सोसायटीत ही हकीगत ज्या रूपात फिरते आहे, त्यात ते आयसीयूत आहेत, मी पोलीस चौकीत आहे आणि हितेश दुबईला पळाला आहे. यातलं काहीही खरं नाही. काशिराम होडीवर आहेत, हितेश तळोज्याच्या गाळ्यात आहे आणि मी इकडे पनवेलच्या करंजाड्यात स्वतःच्या खुर्चीत बसून हे लिहितो आहे. तिघेही जिवंत आहोत. मधला एक दिवस याची खात्री नव्हती.

मी अविनाश टिपणीस. चौतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. म्हणजे लोक ज्याला प्रूफरीडर म्हणतात आणि ज्याचं नाव पुस्तकात कुठेच छापत नाहीत, तो माणूस. पुस्तक चांगलं झालं तर लेखकाचं, चूक राहिली तर माझी. निवृत्त झाल्यावर आता आपल्याला कोणी विचारणार नाही, अशी खात्री करून घेत बसलो होतो, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा हितेश घरत एक डबा घेऊन दारात उभा राहिला.

हितेश इथलाच, करंजाड्याचा. वय पस्तीस. आधी त्याचं गाड्या धुण्याचं केंद्र होतं, मग क्रिकेटचं टर्फ, आणि आता एनर्जी पावडर. पावडर कुठून तरी पोत्यांनी तयार येत असे आणि याच्या गाळ्यात डब्यांत भरली जात असे. नाव 'धडाडी'. डब्यावर उधळलेला घोडा.

"काका, मागे सगळं इंग्लिशमध्ये आहे. उरण, पेण, अलिबाग साइडला मराठी स्टिकर पाहिजे. मी ॲपवरून ट्रान्सलेट केलं होतं, पण मिसेस म्हणाल्या आधी टिपणीसकाकांना दाखवा."

मी कागद घेतला. पहिलीच ओळ होती: 'सेवा आकार: एक खळबळजनक बातमी.'

"हे काय?"

"सर्व्हिंग साइज, वन स्कूप."

पुढे 'मुलांना पोहोचण्यापासून बाहेर ठेवा' असंही होतं. मी चष्मा पुसला. निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत पहिल्यांदा मला आपली कुणाला तरी गरज आहे असं वाटलं. "उद्या ये," मी म्हणालो. माझा आवाज जरा जड झाला असावा, कारण हितेशने वाकून नमस्कार केला.

वास्तविक हे अर्ध्या तासाचं काम. मी त्याला चार दिवस घेतले. पहिला दिवस टॉरिनमध्ये गेला. त्या यादीत टॉरिन नावाचा एक घटक होता. शब्दकोश धुंडाळल्यावर कळलं, की हा शब्द लॅटिनमधल्या बैलावरून आला आहे, कारण तो पदार्थ पहिल्यांदा बैलाच्या पित्तात सापडला. आता तो कारखान्यात बनवतात, बैलाचा काही संबंध उरलेला नाही. पण व्युत्पत्ती कळली की मला गप्प बसवत नाही. ती मी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या अनुयाताईंना सांगितली. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि त्या उतरल्या, त्यामुळे कारखान्याचा भाग सांगायचा राहिला.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'हितेशच्या डब्यात बैल' हा विषय सत्तेचाळीस संदेशांपर्यंत पोहोचला. तळमजल्यावर ठेवलेली त्याची खोकी हलवावीत, असा ठराव झाला. मला डबा हातात धरून प्रत्येक मजल्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका दाखवत फिरावं लागलं.

"काका," हितेश काकुळतीने म्हणाला, "तुम्ही फक्त भाषांतर करा. प्रचार नको."

दुसऱ्या दिवशी समोरचे विश्वजीत कारखानीस भिंग घेऊन आले. त्यांचं आयुष्य रसायनीच्या कारखान्यात गेलेलं. त्यांना डब्याच्या मागची बाजू वाचायला दिली की ते पेपर बाजूला ठेवतात.

"घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात," ते म्हणाले. "सगळ्यात जास्त असेल ते पहिलं. पहिलं काय आहे? माल्टोडेक्स्ट्रिन. म्हणजे मक्यासारख्या स्टार्चपासून केलेली पूड. मग साखर. मग मँगो फ्लेवर. अश्वगंधा कुठे आहे बघ. शेवटून दुसरी, रंगाच्या अलीकडे. आणि डब्यावर घोडा केवढा!"

"शुद्धलेखन बरोबर आहे का तेवढं बघतोय मी."

"आणि हे वाच. गुआराना, ग्रीन कॉफीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क. तिन्हींत कॅफिन. तीन वेगळी नावं, माल एकच. आणि कॅफिन किती ते कुठेच नाही. सगळं मिळून प्रोप्रायटरी ब्लेंड, इतके ग्रॅम. आत कुणाचं किती, ते झाकलेलं."

"प्रोप्रायटरीला मराठीत काय म्हणावं?"

विश्वजीतांनी भिंग खाली ठेवलं. "अविनाश, मी तुला सांगतोय काय आणि तू विचारतोयस काय?"

मी 'खास मिश्रण' असं लिहिलं आणि मला ते आवडलं. खरं सांगायचं तर ते काय म्हणत होते ते मला कळलं होतं. पण आयुष्यभर मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. मजकूर खरा की खोटा, हे बघणारा माणूस दुसऱ्या टेबलावर बसत असे. इथे दुसरं टेबल नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

उरलेले दोन दिवस 'स्कूप'ने खाल्ले. चमचा म्हणावं तर कुठला चमचा? चहाचा लहान, पोह्यांचा मोठा. डाव फारच मोठा. माप म्हणावं तर धान्य आठवतं. शेवटी मला पूजेतली पळी आठवली. पंचपात्रात असते ती. नेमकी तेवढीच, खोलगट, दांडी असलेली. मी वहीत लिहिलं: 'दररोज एक पळी, दुधातून किंवा पाण्यातून.' इतका समर्पक शब्द वर्षभरात सापडला नव्हता. मी तो विनिताला मोठ्याने वाचून दाखवला.

विनिता, माझी बायको, शाळेत गणित शिकवायची. तिने भाजी परतता परतता विचारलं, "पळी? कुठली पळी? पूजेतली की आमटीची?"

"संदर्भाने कळतं."

"कुणाला?"

"वाचकाला."

"पावडरचा डबा उघडणारा माणूस वाचक असतो का?" असं म्हणून तिने गॅस बारीक केला. मला राग आला आणि मी पळीच ठेवली. डब्यात प्लास्टिकचं माप असतंच, ते पाहिल्यावर कुणाचा गोंधळ कशाला होईल, असंही मनाशी म्हटलं. ते माप पावडरच्या तळाशी गाडलेलं असतं आणि निम्मा डबा संपेपर्यंत वर येत नाही, हे मला नंतर कळलं.

प्रूफ आलं. मी ते तपासलं आणि सवयीने समासात सूचना लिहिल्या. 'औषधी वापरासाठी नाही' या ओळीपुढे 'ठळक करावे' लिहिलं. तळाशी छापखान्यासाठी लिहिलं: 'शंका असल्यास अविनाश टिपणीस यांच्याशी संपर्क साधावा', आणि माझा मोबाईल नंबर. कागदाचा फोटो काढून हितेशला पाठवला, हितेशने तो छापणाऱ्याला पाठवला, आणि छापणाऱ्याने, देव त्याचं भलं करो, एक अक्षरही न वगळता सगळं छापलं.

तीन हजार स्टिकर.

पहिला फोन पेणहून आला. गृहस्थाने विचारलं, "साहेब, दही चालेल का?" मला वाटलं चुकीचा नंबर. दुसरा फोन अलिबागहून. त्यांची मुलगी दहावीला होती आणि तिला ही पावडर देऊ का, असा प्रश्न होता. तेव्हा मी हितेशच्या घरी जाऊन डबा उलटा केला. 'औषधी वापरासाठी नाही ठळक करावे' ही ओळ अजिबात ठळक नव्हती. आणि खाली मी होतो. चौतीस वर्षांत एकाही पुस्तकावर न आलेलं माझं नाव तीन हजार डब्यांवर, भडक पिवळ्या रंगात.

माणसाच्या स्वभावाची मला लाज वाटते, म्हणजे माझ्याच. मी चिडायला हवं होतं. मी चिडलोही, पण पहिल्या दिवशी आलेले अकरा फोन मी अगदी मनापासून घेतले. दह्यातून नको, मुलीला नको, बैल नाही, घोडाही नाही. दुपारी झोपताना मी फोन उशाशी ठेवत होतो. "ग्राहक सेवा केंद्र जेवायला येणार आहे का?" असं विनिताने विचारलं, तेही मी ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला.

"हालो, डब्यावर नंबर हाय तो तुमचाच का?" बाईचा आवाज, मागे वारा आणि कोंबडी.

"हो. बोला."

"मी भीमाबाय कोली, करंज्यावरना. आमचे म्हाताऱ्याला काय होतंय ते बगा. छातीन धडधड धडधड. हात कापतान. दोन दिस झाले. झोप नाय, काय नाय. सकालपासून जाली शिवतंय. आपली शिवून झाली, आता शेजाऱ्याची चांगली जाली उसवून परत शिवतंय."

"पावडर किती घेतात?"

"तुमी लिवलंय तशीच. पली. एक सकाली, आन बरा वाटतंय म्हून एक संध्याकाली."

"कुठली पळी?"

"आता पली कुठली म्हंजे? कालवनाची."

मी बसलो होतो ते उभा राहिलो. मग परत बसलो. वय विचारलं. अडुसष्ट. दुसरं काही औषध चालू आहे का विचारलं. रक्तदाबाची गोळी.

"पावडर आत्ताच्या आत्ता बंद करा आणि त्यांना दवाखान्यात न्या. लगेच."

"तेच तर ऐकत नाय. तुमी सांगा ना, तुमी डाक्टर ना?"

"नाही."

"मग तुमी कोन?"

"आम्ही येतो," एवढंच म्हणालो.

विनिताने ओट्यावर हितेशच्या डब्यातलं माप, देव्हाऱ्यातली पळी आणि आमटीची पळी शेजारी शेजारी ठेवली आणि साखरेने भरून पाहिली. पूजेची पळी मापाइतकीच भरली. आमटीच्या पळीत पाच मापं गेली. "दोन पळ्या म्हणजे दहा मापं," ती म्हणाली. "दिवसाला एक लिहिलंय." ती मला टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि चपला घातल्या.

हितेशने गाडी काढली. उरणच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक उभे होते आणि आम्ही त्यांच्यामध्ये. मी मनातल्या मनात 'चमचा', 'छोटा चमचा', 'डब्यातील माप' असं लिहून पाहत होतो. सगळेच शब्द चालले असते. सगळेच सोपे होते.

जासईच्या पुढे हितेश म्हणाला, "काका, एक खरं सांगू? आत काय काय आहे ते मी विचारलंच नाही. कंपनीवाल्याने सॅम्पल दिलं, मी चव घेतली. मँगो चांगला लागला. झालं."

"मलाही विश्वजीतांनी सांगितलं होतं," मी म्हणालो.

मागच्या सीटवरून विनिता म्हणाली, "आता दोघांनी रस्त्याकडे बघा."

काशिराम घरासमोर जाळ्याच्या ढिगात बसले होते. काटक माणूस, डोळे तारवटलेले. हातातली सुई थरथरत होती आणि तरी चालू होती. आम्हाला पाहून त्यांनी हात वर केला.

"या! पावडरवाले ना? फस्कलास माल हाय तुमचा! पंचीस वर्साचा झालो मी!"

"काशिरामभाऊ, ते कमी घ्यायचं होतं. माझी चूक झाली. मी पळी लिहिलं. दवाखान्यात चला."

"मना काय झालं नाय," असं म्हणत ते उठले आणि लगेच खांबाला धरून उभे राहिले. भीमाबाईंनी त्यांच्या हातातून सुई काढून घेतली. "बस गारीन," त्या म्हणाल्या. पस्तीस वर्षं होडी हाकणारा माणूस मुकाट्याने गाडीत बसला.

उरणच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मिताली म्हणजे तिशीतली, हळू बोलणारी बाई. तिने काशिरामांना झोपवलं, ईसीजीच्या तारा लावल्या, कागदाची पट्टी निघायला लागली. मग हात पुढे केला. "डबा."

मी डबा दिला.

"यात कॅफिन किती आहे?"

मी हितेशकडे पाहिलं, हितेशने डब्याकडे पाहिलं. तिने स्वतःच वाचायला सुरुवात केली. "खास मिश्रण. म्हणजे काय?"

"म्हणजे... खास असं मिश्रण," मी म्हणालो.

"आणि 'औषधी वापरासाठी नाही ठळक करावे'? हे कुणी लिहिलंय?"

खोली लहान होती. पट्टी निघतच होती. पडद्याजवळ भीमाबाई पदर मुठीत धरून उभ्या होत्या. "मी," मी म्हणालो. "भाषांतर माझं आहे. पळी हा शब्दही माझा आहे. मला बायकोने विचारलं होतं कुठली पळी, मी ऐकलं नाही."

डॉक्टर रागावली नाही. "आकडा हवाय मला," एवढंच म्हणाली. हितेशने कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस ते गोपनीय आहे असं सांगू लागला. तिने फोन मागून घेतला. आवाज न चढवता म्हणाली, "समोर पेशंट आहे, अडुसष्ट वर्षांचा, बीपीचा. नाव सांगा तुमचं, मी केसपेपरवर लिहिते." नाव आलं नाही, पण आकडा आला. तिने हिशेब केला. "दिवसाला साधारण आठ कप कडक कॉफी. चहा किती पिता, बाबा?"

"पाच-सात," काशिराम छताकडे बघत म्हणाले.

"साखर घालून," भीमाबाईंनी भर घातली.

पट्टी फाडून तिने खिडकीजवळ नेली. ती पट्टी वाचायला तिला किती वेळ लागला असेल? पंधरा सेकंद. त्या पंधरा सेकंदांत मी आयुष्यात वाचलेली सगळी प्रुफं परत वाचली.

"ठोके जलद आहेत. बाकी ठीक आहे. हार्ट अटॅक वगैरे काही नाही. इथेच पडून राहा, पाणी प्या, संध्याकाळपर्यंत उतरेल. चहासुद्धा नाही."

विनिता बाकावर बसली आणि डोळ्याला पदर लावला. हितेश बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिला. मला हसू यायला लागलं, ते थांबेना, म्हणून मीही बाहेर गेलो. चारच्या सुमारास काशिरामांचे हात स्थिर झाले आणि पाचला ते घोरू लागले. घोरणं इतकं गोड असतं, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हितेश आणि मी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. पण घरी बसवत नव्हतं. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे केला. "उत्पादक की विक्रेता?"

"हा पॅकिंग करतो. मी भाषांतरकार."

त्यांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. "त्याला रकाना नाही. ग्राहक लिहू?"

"मी ते घेतलेलं नाही."

"मग तक्रारदार लिहू?"

"तक्रार माझ्याविरुद्ध आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि आम्हाला आतल्या साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी डबा पाहिला, शांतपणे दोन वेळा वाचला आणि 'ठळक करावे'पाशी त्यांच्या मिशा हलल्या. पण पुढचं ते गंभीरपणे बोलले. स्टिकर असलेला सगळा माल परत बोलवायचा, दुकानदारांना लेखी कळवायचं, कंपनीकडून घटकांचा पूर्ण तपशील घ्यायचा, आणि आधी त्यांना दाखवल्याशिवाय एकही डबा बाहेर जाणार नाही. कंपनीचं काय करायचं ते आम्ही बघू, म्हणाले. हितेशने मान डोलावली. इतकं निमूट ऐकताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचे आठ दिवस आम्ही पेण ते उरण डबे गोळा करत हिंडलो. तळमजल्यावर, ज्या खोक्यांविरुद्ध ठराव झाला होता, तीच खोकी परत येऊन रचली गेली आणि अनुयाताईंपासून सगळे स्टिकर खरवडायला बसले. एकेक डबा उघडून माप वर काढलं. नवा मजकूर विश्वजीतांनी सांगितला, विनिताने तपासला आणि मी फक्त लिहून घेतला. कॅफिन मिलिग्रॅममध्ये. रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मुलांना देऊ नये. माप: डब्यातील प्लास्टिकचा चमचा, सपाट भरून, दिवसातून एकदा. घोडाही गेला. त्याच्या जागी नुसता आंबा. साहेबांनी आठ दिवसांनी होकार दिला. खप कमी झाला, असं हितेश म्हणतो. पण ते तो बऱ्यापैकी स्वस्थ चेहऱ्याने म्हणतो.

मागच्या शुक्रवारी माझा फोन वाजला. पडद्यावर भीमाबाईंचं नाव. माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

"काय झालं? काशिरामभाऊ बरे आहेत ना?"

"त्याला काय धाड भरलीय! रातच्याला होडी लावली, आता जेवून पडलाय. मी म्हंते, तुमी म्हावरा खाता का?"

"खातो," मी म्हणालो.

"मग आयतवारी या. बायकोला घेऊन या. आन त्या घरताच्या पोराला पन."

रविवारी गेलो. भीमाबाईंनी सुरमई तळली होती, कोलंबीचं कालवण केलं होतं. विनिताने कालवणात काय काय घातलंय ते विचारलं आणि भीमाबाईंनी बोटं मोजून सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. काशिराम आपल्या ताटातला तुकडा उचलून माझ्या ताटात टाकत होते आणि, "खा मास्तर, वालून गेलाव तुमी," म्हणत होते. मी मास्तर नाही, हे मी सांगितलं नाही.

जेवल्यावर त्यांनी ओटीवर चटई टाकली. समोरून वारा येत होता. "वाईच पडा," ते म्हणाले. मी पाच मिनिटं म्हणून पडलो. पंधरा दिवसांची झोप बाकी होती. हितेश चावी फिरवत निघायचं म्हणाला, तेव्हा भीमाबाईंनी त्याला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं, असं विनिता सांगते. मी उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं, अंगावर कुणीतरी चादर घातली होती आणि शेजारी काशिराम, भिंतीला पाठ टेकून, अगदी सावकाश एक जाळं शिवत बसले होते.